रोजचा गुळवेलीचा काढा: कुणी घ्यावा, किती दिवस, आणि कुणी लांब राहावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय 58. थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे, साखर वाढल्यामुळे अलीकडे मेटफॉर्मिनही सुरू झालंय. करोनाच्या पहिल्या लाटेपासून त्या अंगणातल्या गुळवेलीचा काढा रोज सकाळी उपाशीपोटी घेतात. आता भावाच्या वाचनात आलं की गुळवेलीनं लिव्हर खराब होतं, आणि घरात वाद सुरू झालाय. आईंचं म्हणणं, ही तर साक्षात अमृता, पिढ्यान्‌पिढ्या घेतात, हिच्यानं काय होणार? तर काढा चालू ठेवावा की थांबवावा?

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. तुमच्या आईंनी काढा आजपासून थांबवावा. या आठवड्यात लिव्हरची रक्ततपासणी करून घ्यावी. थायरॉइडची आणि साखरेची गोळी मात्र अजिबात बंद करायची नाही. इतकी वर्षं त्रास झालेला नाही, तेव्हा रिपोर्ट बहुधा चांगलाच येईल आणि घाबरण्याचं कारण नाही. पण रिपोर्ट चांगला आला म्हणून काढा पुन्हा सुरू करायचा असंही नाही. त्यांच्या बाबतीत तो रोज घेण्याचं कारणच मला दिसत नाही, आणि थायरॉइडचा इतिहास असल्यामुळे न घेण्याचं कारण दिसतं.

मी आयुर्वेदाची वैद्य आहे. गुळवेल माझ्या चिकित्सेत जवळजवळ रोज वापरली जाते आणि तिच्याइतकं भरवशाचं औषध माझ्याकडे थोडकंच आहे. त्यामुळे पुढचं सगळं गुळवेलीविरुद्धचं म्हणून वाचू नका. जे औषध खरोखर काम करतं ते चुकीच्या माणसात चुकीचं कामही करू शकतं, एवढंच मला सांगायचं आहे. ‘आयुर्वेदिक आहे, फायदा झाला नाही तरी तोटा नाही’ हे वाक्य मी रोज ऐकते. त्यानं रुग्णाचं नुकसान होतं आणि आयुर्वेदाचंही.

आपल्या परंपरेत गुळवेलीचं पहिलं काम तापावर. तेही रेंगाळलेल्या तापावर, म्हणजे जीर्णज्वरावर: अंगात कसर राहते, तोंडाला चव नसते, संध्याकाळी अंग तापतं, भूक गेलेली असते. दुसरं मोठं काम वातरक्तावर. युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा सुजतो, लाल होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही, त्या जातीच्या दुखण्यात गुळवेलीचा काढा आणि कैशोर गुग्गुळ ही जोडी वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. त्याशिवाय प्रमेह (म्हणजे मधुमेहासारखे विकार), त्वचेचे काही विकार, आम्लपित्ताचे काही प्रकार आणि कावीळ. काविळीचा उल्लेख लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचं आहे.

आधुनिक संशोधनातही गुळवेल नवी नाही, आणि त्यातलं महत्त्वाचं काम मुंबईतच झालंय. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीचा रोगप्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो याचा अनेक वर्षं अभ्यास केला. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या आणि शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या 30 रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला गुळवेल मिळालेल्या गटात जंतुसंसर्गाचा त्रास कमी झाला आणि शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाण जास्त राहिलं. अभ्यास लहान होता, पण त्याची दिशा महत्त्वाची होती: गुळवेल पांढऱ्या पेशींना, विशेषतः जंतू गिळणाऱ्या पेशींना, कामाला लावते. पुढे 2005 मध्ये ॲलर्जीच्या सर्दीच्या 75 रुग्णांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. त्यात शिंका, नाक वाहणं आणि नाकाची खाज गुळवेल घेणाऱ्यांत चांगलीच कमी झाली. वेलीत बर्बेरिनच्या कुळातली अल्कलॉइडं आहेत, कडवट डायटर्पिनॉइडं आहेत, आणि प्रतिकारयंत्रणेला उत्तेजन देणाऱ्या बहुशर्करा आहेत. म्हणजे ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हा दावा हवेतला नाही.

अडचण नेमकी तिथंच आहे. प्रतिकारयंत्रणेला चेतवणं प्रत्येकासाठी हिताचं नसतं. काही लोकांची प्रतिकारयंत्रणा आधीच आपल्याच शरीरावर उलटलेली असते. मोठ्या वयाच्या बाईला थायरॉइड कमी काम करण्याचा त्रास असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण निघतं: आपल्याच पेशी थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करत असतात. संधिवाताचा आमवात हा प्रकार, ल्युपस, सोरायसिस, कोड, लहान वयातला मधुमेह, ऑटोइम्यून हेपॅटायटिस (लिव्हरवरचा असाच हल्ला), सगळे याच घराण्यातले. यांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. अशा माणसाला महिनोन्‌महिने प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध दिलं, तर तसाच हल्ला लिव्हरवरही सुरू होण्याची शक्यता असते. तुमच्या आईंना काढा थांबवा म्हणून सांगते त्याचं मुख्य कारण हे.

हे नुसतं तर्कानं सांगत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये आलेल्या करोनाविषयक राष्ट्रीय आयुर्वेद-योग मार्गदर्शिकेत गुळवेलीच्या घनवटीचा (काढा आटवून केलेल्या गोळीचा) सल्ला होता: 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, कोमट पाण्याबरोबर, पंधरा दिवस किंवा एक महिना, किंवा वैद्यानं सांगितल्याप्रमाणे. लोकांपर्यंत त्यातलं फक्त ‘गुळवेल घ्या’ एवढंच पोचलं. पंधरा दिवस किंवा महिना हा भाग वाटेत गळून पडला. सकाळी काढा, दुपारी गोळी, संध्याकाळी बाटलीतला रस, आणि हे वर्षभर, असं चालू असलेली घरं मी पाहिली आहेत.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे गुळवेल घेतलेले आणि लिव्हरला सूज आलेले सहा रुग्ण आले. त्यांचा अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयानं जुलै 2021 मध्ये त्यावर आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती याची खातरजमा केलेली नाही. आक्षेप रास्त होता, पण तो प्रश्नाचा शेवट नव्हता. 2022 मध्ये देशातल्या 13 केंद्रांमधल्या 43 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा मध्यक काळ 46 दिवस होता, म्हणजे साधारण निम्म्यांना त्याच्या आत त्रास दिसला. काहींना आधीपासून लिव्हरचा आजार होता आणि त्यांची स्थिती जास्त बिघडली. अनेकांच्या रक्तात आणि तपासणीसाठी काढलेल्या लिव्हरच्या तुकड्यात ऑटोइम्यून हेपॅटायटिसशी मिळतीजुळती चिन्हं होती.

माझं मत सांगते, आणि ते माझ्या काही समव्यावसायिकांना आवडत नाही. असे अहवाल आले की आपण वैद्यांनी लगेच ढाल पुढे करू नये. करोनाकाळात गुळवेल देशात प्रचंड प्रमाणावर घेतली गेली आणि त्यातल्या बहुसंख्यांना काहीही झालं नाही, हे खरं आहे. थोड्या लोकांना गंभीर इजा झाली, हेही तितकंच खरं आहे. ही इजा मात्रेशी सरळ बांधलेली नसते. एकाला वर्षभर घेऊन काही होत नाही, दुसऱ्याला दीड महिन्यात होते. म्हणून ‘आमच्या शेजारच्या काकू दहा वर्षं घेतात’ हा पुरावा तुमच्या आईंच्या कामाचा नाही.

आता काविळीकडे परत येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. गुळवेल हे काविळीवरचं घरगुती औषध म्हणून प्रसिद्ध आहे. त्यामुळे तिच्यानंच लिव्हरला सूज आली, डोळे पिवळे झाले, तर घरचे लोक काय करतात? गुळवेल वाढवतात. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचं असंच झालं होतं. काढा, घनवटी आणि रस, तिन्ही चालू. आधी जेवण नकोसं झालं, मग तळहातांना आणि पाठीला खाज सुटली, मग लघवी गडद पिवळी-तपकिरी होऊ लागली. घरच्यांनी ठरवलं की कावीळ आहे, म्हणून काढ्याची मात्रा दुप्पट केली. माझ्याकडे त्या काविळीसाठी ‘अजून काही जोरदार’ मागायला आल्या होत्या. खिडकीपाशी उजेडात डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर पांढऱ्या भागाला पिवळी झाक. औषधांची यादी विचारली तेव्हा गुळवेलीचं नावच घेतलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच. पिशवीतून बाटली निघाली तेव्हा कळलं. त्याच दिवशी त्यांना लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गुळवेल पूर्ण थांबली, तपासण्या झाल्या, आणि पुढच्या काही महिन्यांत रिपोर्ट पूर्ववत आले. त्यांनाही थायरॉइडचा जुना त्रास होता.

म्हणून नियम असा: गुळवेल घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, मळमळ आणि अन्नावरची वासना जाणं चार दिवसांपेक्षा जास्त टिकलं, उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं, तर पहिलं काम गुळवेल थांबवणं आणि दुसरं काम त्याच दिवशी डॉक्टर. गुंगी, बोलण्यात असंबद्धपणा, पोट फुगणं किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर थेट रुग्णालय. आणि एकदा हा त्रास होऊन गेला की आयुष्यात गुळवेल पुन्हा नाही, थोडीसुद्धा नाही, दुसऱ्या नावानंही नाही.

दुसऱ्या नावानं म्हणते कारण नावं पुष्कळ आहेत. लेबलवर गुडूची, गिलोय, अमृता, छिन्नरुहा, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया यांपैकी काहीही लिहिलेलं असू शकतं. संशमनी वटी म्हणजे गुळवेलीच्याच घनाची गोळी. अमृतारिष्ट, अमृता गुग्गुळ, कैशोर गुग्गुळ यांतही ती आहे. च्यवनप्राशातही आहे, पण तिथं प्रमाण इतकं थोडं की निरोगी माणसानं त्याची चिंता करू नये. अनेक जण ‘आम्ही गुळवेल घेत नाही’ म्हणतात आणि दोन वेगवेगळ्या डब्यांतून ती घेतच असतात.

आता वेलीच्या ओळखीबद्दल, कारण तुमच्या घरी वेल अंगणातली आहे. खरी गुळवेल ओळखणं अवघड नाही, पण वेळ द्यावा लागतो. अंगठ्याएवढ्या जाडीचं कांड घ्या. वरची साल करडी-मातकट आणि कागदासारखी पातळ असते. नखानं ओढली की सुटते आणि खाली हिरवा रंग दिसतो. सालीवर बारीक पुळ्यांसारखे उंचवटे असतात, पण ते लहान असतात. धारदार सुरीनं कांड आडवं कापा. कापलेल्या तोंडावर मध्यापासून कडेकडे जाणारे पाचरीसारखे भाग दिसतात, चाकाच्या आऱ्या मांडाव्यात तसे. कापाला बोट लावलं तर किंचित चिकट लागतं. चव कडू. पानं हृदयाच्या आकाराची आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. वरून दोऱ्यासारखी लांब मुळं लोंबत असतात.

पानाच्या खालच्या बाजूला मखमली लव असेल तर ती त्याच कुळातली दुसरी जात आहे. कांडावर मोठ्या, ठसठशीत गाठी असतील आणि कडूपणा फारच तीव्र असेल, तर ती टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. ही मूळची ईशान्य भारत आणि आग्नेय आशिया या भागातली. तिच्यामुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आधीपासून आहेत, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये आयुष मंत्रालयानंही या दोन जातींची गल्लत होऊ देऊ नका असं बजावलं होतं. ओळखीबद्दल शंका असेल तर कांड, पान आणि जमलं तर फळ घेऊन जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण (औषधी वनस्पतींच्या) विभागात किंवा एखाद्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. दाखवलेला फोटो पुरत नाही. मोबाइलवरच्या फोटोवरून मी कधीच होकार देत नाही.

कडुनिंबावरचीच गुळवेल हवी, असा आग्रह बरेच जण धरतात. मिळाली तर उत्तमच, परंपरा तसंच सांगते. पण ती बांडगुळासारखी झाडाचा रस शोषत नाही. तिची स्वतःची मुळं जमिनीत असतात, झाड फक्त आधाराला. त्यामुळे निंबावरची नाही म्हणून वेल फुकट गेली असं मानू नका. याउलट कण्हेर किंवा काजरा अशा विषारी झाडावर चढलेली वेल जुने जाणकार घेत नाहीत, आणि तो संकेत मी पाळते. कांड खुडताना त्याच झाडाची पानं, साल मिसळून येण्याचा धोका तर असतोच.

मात्रा आणि मुदत. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात गुळवेलीच्या चूर्णाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम आहे आणि काढ्यासाठी 20 ते 30 ग्रॅम. काढ्याची साधी रीत: भरड 20 ग्रॅम असेल तर सोळा पट पाणी, म्हणजे सुमारे दोन कप. मंद आचेवर, झाकण न ठेवता, पाव हिस्सा राहीपर्यंत आटवायचं. अर्धा कप काढा उरतो. गाळून कोमट असताना घ्यायचा. काढा रोज ताजा करायचा, फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवस वापरायचा नाही. ओल्या कांडाबद्दल एक बारकावा आहे. बहुतेक वनस्पती ओल्या वापरताना दुप्पट घ्याव्यात असा सामान्य नियम आहे, कारण त्यांत पाणी जास्त असतं. पण शार्ङ्गधर या जुन्या ग्रंथकारानं गुळवेलीला त्या नियमातून वगळलंय: ती ओलीच वापरावी आणि दुप्पट करू नये. घराघरांत वीतभर लांबीची चारचार कांडं उकळली जातात, तेव्हा मला हा नियम आठवतो.

किती दिवस? तापानंतरच्या कसरीसाठी मी एक ते दोन आठवडे देते. वातरक्तात जास्त काळ देते, पण दर काही आठवड्यांनी रुग्णाला बघून, आणि लांबणार असेल तर लिव्हरची तपासणी आधी एकदा आणि मध्ये एकदा करून. काहीही दुखणं नसताना, नुसतं ‘शक्ती राहावी’ म्हणून वर्षानुवर्षं रोज, असं मी कुणालाही देत नाही. रसायन म्हणून, म्हणजे शक्ती टिकवणारं औषध म्हणून, ती सांगितली आहे हे खरं, पण रसायनाला आधी शरीरशुद्धी, माणसाचा अग्नी म्हणजे पचनशक्ती, वय, ऋतू, आहार यांचा विचार असतो. आणि चरकानं कडू चवीचे गुण सांगितल्यावर लगेच त्याच्या अतिरेकाचे दोषही सांगितले आहेत: शरीरातला रसधातू, रक्त, मांस शोषले जातात, बळ घटतं, माणूस कृश होतो, चक्कर येते, तोंड कोरडं पडतं. रोज सकाळी उपाशीपोटी कडू काढा आणि मग दिवसभर थकवा, कोरडेपणा, बद्धकोष्ठ, अशी तक्रार घेऊन आलेल्या लोकांना काढा थांबवल्यावर बरं वाटल्याचं मी पुष्कळदा पाहिलंय.

गुळवेल सत्त्वाबद्दल थोडंसं, कारण ‘सत्त्व’ म्हटल्यावर लोकांना तो तीव्र अर्क वाटतो. प्रत्यक्षात ते वेलीतलं पिठूळ द्रव्य. ताजी कांडं ठेचायची, पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी हातानं खूप कुस्करायची, गाळून पाणी स्थिर ठेवायचं. तळाशी पांढरट साका बसतो. वरचं पाणी हलक्या हातानं ओतून तो साका सावलीत वाळवायचा. किलोभर वेलीतून मूठभरसुद्धा निघत नाही. त्यामुळे बाजारात स्वस्त मिळणारं पांढरंशुभ्र, बेचव सत्त्व म्हणजे बहुधा दुसराच कुठलातरी स्टार्च. खऱ्या सत्त्वाला किंचित मळकट झाक आणि जिभेवर मागाहून येणारा कडवटपणा असतो. पित्ताच्या दाहात, उन्हाळ्यात मी ते थोड्या मात्रेत देते. याउलट घनवटी हा काढा आटवून केलेला खरा घन अर्क. चूर्णाची मात्रा गोळीला किंवा गोळीची चूर्णाला लावू नका.

विकतचं घेणार असाल तर आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि प्रत्येक गोळीत किती घन आहे हे लेबलवर पाहा. ‘इम्युनिटी’ असं मोठ्या अक्षरात आणि घटक बारीक अक्षरात असलेली मिश्रणं मी टाळायला सांगते. दहा वनस्पती एकत्र असतील आणि त्रास झाला, तर कशानं झाला हे शोधणं डॉक्टरांना अवघड जातं.

कुणी वैद्याला विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये? वर सांगितलेले ऑटोइम्यून आजार असलेले. लिव्हरचा कुठलाही आजार असलेले, त्यात फॅटी लिव्हर आलं आणि नियमित दारू घेणारेही आले. अवयव प्रत्यारोपण झालेले, कारण टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट ही औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठीच दिलेली असतात आणि गुळवेल त्यांच्या उलट दिशेला ओढते. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आणि लहान मुलं. क्षयरोगाची औषधं चालू असलेले, कारण त्या औषधांनीच लिव्हरवर ताण येतो. आमवाताबद्दल माझी भूमिका इतर काही वैद्यांपेक्षा कडक आहे. ग्रंथांत आमवातात सुंठ-गुळवेल सांगितली आहे हे मला माहीत आहे, पण मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं औषध चालू असलेल्या रुग्णाला मी ती देत नाही. मेथोट्रेक्सेट चालू असताना मुळातच लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं, आणि उद्या रिपोर्ट बिघडला तर दोष कुणाचा हे कळणार नाही.

साखरेचं पाहू. गुळवेल साखर थोडी खाली आणते. मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर धोकादायक उतरण्याची भीती सहसा नसते. पण ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असं होऊ शकतं, आणि ते काढ्यामुळे आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत उलटी गोष्ट लक्षात ठेवा: काढा थांबवल्यावर साखर किंचित वर जाऊ शकते. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे उपाशीपोटीची साखर अधूनमधून पाहा आणि गरज पडली तर डॉक्टरांना गोळीची मात्रा विचारा. कुणाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर गुळवेल किमान दोन आठवडे आधी थांबवावी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती घेत होतो हे सांगावं.

थायरॉइडच्या गोळीचा आणखी एक मुद्दा, जो तुमच्या प्रश्नात नव्हता. ती गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि नंतर अर्धा ते एक तास पोटात काही जाऊ द्यायचं नसतं. आईही काढा उपाशीपोटीच घेतात. दोन्ही लागोपाठ घेत असतील तर गोळी नीट शोषली न जाण्याची शक्यता आहे. काढा थांबल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. गोळीची मात्रा बदलावी लागली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

डेंग्यूबद्दलही विचारणा होते म्हणून एका ओळीत सांगते: प्लेटलेट वाढवण्यासाठी गुळवेलीवर विसंबून रुग्णालयात जायला उशीर करू नका.

तर आता प्रत्यक्षात काय करायचं. रक्तात लिव्हरच्या या तपासण्या करा: एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी). त्याच रक्तात अँटी-टीपीओ करून घेतलं तर थायरॉइडचा त्रास ऑटोइम्यून आहे का हे कळेल, आणि पुढं कधीही कुणी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ काही सुचवलं तर काय उत्तर द्यायचं हेही कळेल. सगळं सामान्य असेल तर पुढं काही करायचं नाही. एसजीपीटी थोडंसं वाढलेलं असेल तर काढा बंद ठेवून चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. त्याबरोबर सोनोग्राफी करून घ्या, कारण मधुमेहात फॅटी लिव्हर सर्रास असतं आणि दोष त्याचाही असू शकतो. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त असेल, किंवा बिलिरुबिन वाढलेलं असेल, तर वाट न पाहता लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा. ते कावीळ ए आणि ई, बी आणि सी यांच्या तपासण्या आणि ऑटोइम्यून हेपॅटायटिससाठी एएनए, आयजीजी सांगतील. काही रुग्णांना स्टेरॉइड लागतं. ते ऐकून आयुर्वेदाच्या नावाखाली नकार देऊ नका.

आईंशी बोलताना वेलीला नावं ठेवू नका. ‘तुझी गुळवेल विषारी’ म्हटलं की त्या हट्टाला पेटतील, आणि ते विधान खरंही नाही. त्यांना सांगा की वेल औषधी आहे म्हणूनच ती वैद्याला विचारून घ्यायची. सकाळी काहीतरी गरम पिण्याची सवय झाली असेल तर थायरॉइडच्या गोळीनंतर तासाभरानं नुसतं कोमट पाणी चालेल. अंगणातली वेल उपटू नका. घरात कुणाला ताप येऊन गेला, युरिक ॲसिडनं अंगठा धरला, तर ती कामी येईल, तेव्हा वैद्याला विचारून वापरा.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा कांडाचा वीतभर तुकडा पानासकट, आणि घरात असतील त्या सगळ्या गोळ्या-बाटल्या सोबत न्या. रोज किती आणि केव्हापासून हे एका कागदावर लिहून द्या. त्रास औषधामुळे झाला असं ठरलं तर त्याची नोंद व्हायला हवी. औषधांच्या दुष्परिणामांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक 1800-180-3024 आहे, आणि आयुर्वेदिक औषधांसाठी आयुष मंत्रालयाची स्वतंत्र नोंदव्यवस्था आहे, जिचं राष्ट्रीय समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. तुमचे डॉक्टर किंवा वैद्य ती नोंद करू शकतात. रिपोर्ट आले की आकडे इथं लिहा, मी पाहीन.